रविवारची काळजी नाही

कोल्हापूर
बुधवार, 2 जुलै 2025, रात्री साडेनऊ

चि. ताईस,
आण्णांचे अनेक आशीर्वाद.

पत्र हाताने लिहितोय. मोबाईलवर बोटाने एकेक अक्षर शोधत बसलो की वाक्य पुरं व्हायच्या आत काय म्हणायचं होतं तेच विसरतो. बारका उद्या सकाळी फोटो काढून पाठवेल. अक्षर लागलं नाही तर त्याला विचार, शाळेत असताना माझी सही तोच करायचा.

सोमवारच्या फोनचं मनात ठेवू नको. तू फोन ठेवलास त्याचा मला राग नाही. मी तेच चौथ्यांदा विचारलं होतं, हे आईने नंतर मोजून सांगितलं. तू म्हणालीस, "आण्णा, मी बत्तीस वर्षांची आहे, रस्त्याच्या कुठल्या बाजूने जायचं ते मला कळतं." बरोबर आहे तुझं. नंतर मी गप्प झालो तो रागाने नाही, पण फोनवर गप्प बसणं आणि रागावणं सारखंच ऐकू येतं. तर या पत्रात रस्त्याचं काढायचं नाही असं ठरवून बसलोय.

घरचं सगळं ठीक. पाऊस लागून राहिलाय, पंचगंगा चढलीय. परसातला पत्रा परत गळायला लागलाय, बारका म्हणतो रविवारनंतर बघू. तिकडे जर्मनीत रविवारी तुझी शर्यत, म्हणून या घरात सध्या सगळंच रविवारनंतर आहे. नळाचा वायसर रविवारनंतर, आईचे डोळे तपासायचे रविवारनंतर, सांगलीच्या पाहुण्यांना काय कळवायचं तेही रविवारनंतर. (त्याचा तू आत्ता विचार करू नको. उगाच लिहिलं मी. पण खोडत नाही, खोडलेलं तू नेमकं उजेडात धरून वाचशील.)

तू आईला म्हणालीस की सगळं अंग दुखतंय, घसा खवखवतोय, गुडघ्यात काहीतरी टोचतंय, आणि सराव तर निम्म्याहून कमी केलाय. शेवटच्या आठवड्यात सराव उतरवायचा असतो, हे बारक्याने मला समजावलं. त्यावर माझं ऐक. गाडी धावत असते तेव्हा तिचे आवाज कळत नाहीत. स्टँडवर इंजिन चालू ठेवून उभी केली की खिडकीच्या काचा, बॉनेट, सीटखालचा नट, सगळं खडखडायला लागतं. नवा ड्रायव्हर लगेच मेकॅनिकला हाक मारतो. जुना तंबाखू मळत बसतो. गाडी तीच असते. तू वर्षभर पहाटे चारला उठून हिंडत होतीस, तेव्हा अंगाला तक्रार करायला सवडच नव्हती. आता मिळालीय. गरम पाण्याच्या गुळण्या कर आणि झोप.

खाण्याचंही तसंच. आईने दिलेलं भाजणीचं पीठ रविवारपर्यंत उघडू नको. तिला वाईट वाटेल, मी बघतो तिचं. भात, वरण, दही, पोटाला माहीत आहे तेच. नवीन काही नाही. हे तूच मला गोव्याच्या शर्यतीला शिकवलंस, मी आदल्या रात्री हॉटेलात "कोळंबी ताजी दिसतीय, घे की" म्हणत होतो तेव्हा.

रविवारी आषाढी एकादशी आहे हे तुला कळलंच असेल. तुझी शर्यत आणि एकादशी एकाच दिवशी. आई म्हणते तारीख पांडुरंगानेच काढली. मी म्हटलं, त्या लोकांची शर्यत सहसा जुलैच्या सुरुवातीच्या रविवारी असते, त्यांनी काही पंचांग बघितलेलं नाही. ती म्हणाली, त्यांनी नसेल बघितलं. यावर काय बोलणार? शर्यतीत खायच्या तुझ्या त्या जेलच्या पुड्या उपवासाला चालतात का, असं तिने बारक्याला विचारलं. मी बजावून सांगितलंय, पोरीने उपवास धरायचा नाही, तिच्या वाटचा मी धरतो. तरी तिचं चालूच, उकडलेला बटाटा चालतो म्हणावं, जर्मनीत बटाट्याला काय तोटा.

मग मी हिशेब करत बसलो. तुझी सायकल 180 किलोमीटर. मिरज, सांगोल्यावरून कोल्हापूर-पंढरपूर साधारण तेवढंच भरतं. म्हणजे एकादशीला तू पंढरपूरला निघालीस. त्याआधी 3.8 किलोमीटर पोहायचं, म्हणजे रंकाळ्याची एक फेरी जवळजवळ. आणि पंढरपुरात पोचल्यावर दर्शन नाहीच, इथून कागलला पळत जाऊन पळत परत यावं तेवढं आणखी पळायचं, 42 किलोमीटर. आमची साधी गाडी पंढरपूरला पाच तास घ्यायची आणि उतरल्यावर मी तासभर पाय पसरून पडायचो. तिथे गेल्या वर्षी मॅग्नस डिटलेव नावाच्या डॅनिश पोराने हे तिन्ही मिळून 7 तास 23 मिनिटांत केलं म्हणे. बारक्याने आकडा दाखवला तेव्हा मी त्याला परत वाचायला लावला.

आषाढीच्या जादा गाड्यांवर मी नोकरीतली बहुतेक वर्षं गेलो. तू लहान होतीस, एकादशीला आण्णा घरी नसतात एवढंच तुला माहीत. यात्रेच्या स्टँडवर गाड्यांच्या रांगा, गुडघाभर चिखल, गाडी भरली की डबल बेल, पोचवून आलं की परत रांगेत. जाताना गाडी गात असते. येताना सगळे झोपलेले, डोक्यावर बुक्का, मांडीवर प्रसादाची पिशवी, आणि जागा एकटा ड्रायव्हर. एका वर्षी दोन रात्रींची ड्युटी संपवून सकाळी डेपोतून घरी येत होतो, माझ्या सायकलवरून. महाद्वार रोडच्या अलीकडे सायकल एकदम डगमगली. बघतो तर माझा डावा हात हँडल सोडून खाली हवेत, गिअरचा दांडा शोधतोय. सायकलवर. पडलो नाही एवढंच. त्या दिवशी मला कळलं की दमलेल्या माणसाचं अंग डोक्याला विचारत नाही, सवयीला विचारतं.

बघ, काढायचं नव्हतं ते निघालंच.

आता लपवून उपयोग नाही. मला बेकरीचं माहीत आहे. आईवर चिडू नको, दोन दिवस तिने ते पोटात ठेवलं, सोमवारी सकाळी भाकरी थापताना तोंडातून निघून गेलं. मला माहीत होतं म्हणूनच मी फोनवर चारदा विचारलं, आणि मला माहीत आहे हे तुला माहीत नव्हतं म्हणून तू चिडलीस. चूक माझी. सरळ विचारायचं होतं.

मला जे कळलं ते असं. शनिवारी ग्रेडिंग गावावरून येताना तू एका गावात बेकरीपाशी थांबलीस. खाल्लंस, बाटल्या भरल्यास, सायकलवर बसलीस आणि निघालीस. रस्ता रिकामा होता. तू डाव्या बाजूने निघालीस. समोरून मोटार आली तेव्हा तुला वाटलं, हा माणूस चुकीच्या बाजूने का येतोय.

ते एवढं एक वाक्य आईने तुझ्या शब्दांत सांगितलं, आणि दोन दिवस माझ्या डोक्यातून ते जात नाही.

जाताना तू सगळं बरोबर गेलीस ना? कारण तेव्हा डोकं जागं होतं, पुढे-मागे वाहनं होती, ती तुला बाजू दाखवत होती. चालत्या माणसाची बाजू चुकत नाही. थांबून परत निघताना चुकते. बेकरी, पेट्रोलपंप, पंक्चर, फोटो काढायला थांबणं. आणि रिकामा रस्ता भरलेल्या रस्त्यापेक्षा वाईट, कारण तिथे तुझ्याशिवाय तुला सांगणारं कुणी नाही. म्हणून निघताना, एक पाय जमिनीवर असतानाच, तोंडाने म्हणायचं, "उजवीकडे." मोठ्याने. लोक बघेनात का, त्यांना मराठी कुठे येतं. आणि रस्त्याला लागताना आधी डावीकडे बघायचं. आपल्याकडे जवळचं वाहन उजवीकडून येतं, तिथे डावीकडून. तुझी मान आपोआप उजवीकडे वळणार, बत्तीस वर्षं तशीच वळलीय.

तिथे डावीकडे वळणं म्हणजे आपलं उजवीकडे वळणं, समोरची लेन कापून जायचं. गोल चौकात उलटं फिरायचं. आणि गल्लीबोळाच्या चौकात काही पाटी नसेल तर उजवीकडून येणाऱ्याला आधी जाऊ द्यायचं, असा तिथला नियम आहे. तो तुझ्यासाठी थांबेल असं धरू नको, तू थांब. गावाबाहेर सायकलला ओलांडताना मोटारीने दोन मीटर जागा सोडायची, गावात दीड, असं कायद्यातच लिहिलंय तिथे. हे वाचून मला फार बरं वाटलं. पण दोन मीटर उजवीकडून चालणाऱ्या सायकलला, हे लक्षात घे. आणि तुझ्या सायकलला काही झालं आणि तिथली भाड्याची घेतलीस तर आधी ब्रेक दाबून बघ. तिकडे बहुतेक सायकलींचा पुढचा ब्रेक डाव्या हाताला असतो. उतारावर ते कळून उपयोग नाही.

झाला माझा क्लास सुरू. बारका शेजारी बसून वाचतोय आणि म्हणतोय, "आण्णा, तिने तिथला नियम तुमच्या आधी वाचलाय." असेल. तू तीस लाखांची मशीन चालू करून देणारी बाई, तुला मी सायकल शिकवतोय. माफ कर. पण पान फाडत नाही, परत लिहायला घेतलं तर आणखी लांबेल.

रविवारची मला काळजी नाही, हे खरंच सांगतो. रविवारी रस्ते बंद. कोपऱ्याकोपऱ्यावर स्वयंसेवक, साडेसात हजार माणसं नुसती मदतीला असतात म्हणे, म्हणजे आपल्याकडच्या एखाद्या मोठ्या गावाएवढी. त्या सोलारर बेर्गच्या चढावर लोक दोन्ही बाजूंनी इतके आत येतात की सायकलला जेमतेम वाट उरते. व्हिडिओ बघितला. पालखी वेशीत शिरते तेव्हा असंच होतं, मधली वाट माणसंच सोडतात आणि माणसंच धरतात. तिथे तुला कोण चुकू देणार? मला काळजी आहे ती उद्याची, परवाची आणि शनिवारची. तू म्हणशील अर्धा तास पाय मोकळे करून येते. एकटी, रस्ता उघडा, आणि डोकं सगळं रविवारी. तू पोहणार त्या कालव्याच्या काठाच्या वाटेने जा की. किंवा जाऊच नको. अर्ध्या तासाने काय बिघडणार आहे? बिघडत असेल तर जा.

त्या कालव्याबद्दलही वाचलं. माईन नदीपासून डॅन्यूबपर्यंत 171 किलोमीटर, 1992 मध्ये पुरा झाला. मला गंमत वाटली ती ही की त्यात पाणी डोंगर चढतं. तुझ्या हिल्पोल्टश्टाईनला दोन दारांच्या मध्ये जहाज घेतात, पाणी भरतात आणि जहाज 25 मीटरच्या आसपास वर उचलतात. आपला घाट तसा चढता आला असता तर माझे गुडघे वाचले असते. शर्यतीसाठी तिथली जहाजं बंद ठेवतात, हे वाचून आईला मुद्दाम सांगितलं. पाणी संथ आहे, ओढ नाही, काठ दिसत राहतो. पाण्याची मला तुझ्यासाठी कधी भीती वाटली नाही.

एकदाच वाटली. मामाच्या विहिरीवर, तू सात वर्षांची. पाठीला डबा बांधलेला, डब्याला दोर, दोराचं टोक माझ्या हातात. मला स्वतःला पोहता येत नाही हे तुला तेव्हा माहीत नव्हतं, मामाला माहीत होतं, म्हणून तो पायऱ्यांवर बसलेला. मी वर कुणाशी तरी बोलत होतो. खाली बघितलं तर डबा तरंगतोय, दोर ताणलेला नाही, आणि पोरगी नाही. हाक मारायला तोंड उघडलं, आवाजच निघेना. तेवढ्यात पलीकडच्या पायरीवरून तू म्हणालीस, "आण्णा, डबा काढला." गाठ तू पाण्यात सोडली होतीस. मामा हसत होता. मी तुला दोन थोबाडीत दिल्या आणि मग भेळ घेऊन दिली. तुला भेळच आठवते, मी मागे विचारलं होतं.

तू पहिल्यापासून तशीच. माझ्या बावीस इंची सायकलच्या नळीखालून पाय घालून शिकलीस, सीटवर बसता येत नव्हतं तरी. गुडघे कायम फुटलेले. आई म्हणायची, पोरीची जात आहे, डाग राहतील. राहिलेत. परवा तू फोटो पाठवलास त्यात डाव्या गुडघ्यावरचा तो जुना डाग दिसला, आणि मी बारक्याला म्हटलं, हा आपल्या गल्लीतला.

गोव्याला मिरामारवर तू माझ्यासमोरून पळत गेलीस आणि मी तुला ओळखलं नाही, हे मी कुणालाच सांगितलेलं नाही. टोपी, काळा चष्मा, तोंड मिठाने पांढरं. आईने ओळखलं, चालीवरून. ती ओरडली तेव्हा मी शेजारच्या माणसाला "ती बघा, ती आमची" म्हणून बोट दाखवलं, तोवर तू पुढे गेली होतीस आणि माझं बोट एका भलत्याच बाईवर. तो माणूस म्हणाला, "वयाच्या मानाने छान पळतात." ती पन्नाशीची असेल. मी हो म्हटलं.

हे रोट गावच्या शर्यतीचं प्रकरण (तू सांगितलंस म्हणून रोट, मी रोथच म्हणायचो) 1984 पासून चाललंय म्हणे. 'चॅलेंज' या आत्ताच्या नावाने 2002 पासून. ज्याने ही शर्यत सांभाळली तो माणूस 2007 मध्ये गेला आणि मग बायकोने आणि पोरांनी शर्यत हातात घेतली. मला हे फार आवडलं. गाव लहान आहे, तू म्हणालीसच, आपल्या तालुक्याच्या गावाएवढं. अशा गावात रात्री शेवटचा माणूस येईपर्यंत लोक थांबून असतात, टाळ्या वाजवत. तू शेवटची असलीस तरी चालेल, असं मी त्या फोनवर म्हणालो ते तुला लागलं असावं. मला म्हणायचं होतं की कितीही वेळ लागला तरी आम्ही जागे आहोत. शब्द चुकले.

आता जे लिहितोय ते तुझ्यासाठी आहे. बारक्याला उठून जायला सांगितलं, पण फोटो काढताना तो वाचणारच. वाचू दे.

1997 चा पावसाळा. तू चार वर्षांची. मी गगनबावड्याच्या फेरीवर होतो. गाडी वीस मिनिटं उशिरा धावत होती. कळ्याच्या पुढे रस्ता अरुंद, पुढे एक पोरगा सायकलवर, कॅरिअरला गवताचा भारा. आठवी-नववीतला असेल. समोरून ट्रक येत होता. थांबायला पाहिजे होतं. पोरगा मला दिसला नाही असं नाही. दिसला. नीट दिसला, भाऱ्यावरचा विळासुद्धा आठवतो. पण मी त्याला मोजलं नाही. ट्रक मोजला, वीस मिनिटं मोजली, आणि गाडी घुसवली. आरशात बघितलं तेव्हा रस्त्यावर सायकल नव्हती.

गाडी लागली नव्हती त्याला. वाऱ्याने म्हण, भीतीने म्हण, तो चरीत गेला. मी थोडं पुढे जाऊन उभी केली. कंडक्टरने मागच्या काचेतून बघितलं, "उठला, उठला" म्हणाला आणि डबल बेल दिली. मी उतरलो नाही. निघालो. परतीच्या फेरीला तिथे चिखलात नुसतं गवत पसरलेलं होतं. पुढे महिनाभर मी त्या वळणावर गाडी हळू करत होतो. आठेक दिवसांनी हात गळ्यात बांधलेला एक पोरगा रस्त्याकडेला उभा दिसला. तोच का, देव जाणे. त्याने दुसरा हात वर करून गाडीला टाटा केला, पोरं करतात तसा.

कागदावर हा अपघात नाही. पुढे मला 25 वर्षं विनाअपघात गाडी चालवल्याचा बिल्ला मिळाला. तो आईने शोकेसमध्ये तुझ्या मेडलांशेजारी लावलाय. मी तो दोनदा काढून कपाटात ठेवला, तिने दोनदा परत लावला. का काढतो ते तिला माहीत नाही. आता कळेल.

म्हणून मी विचारतो गं. तुला बाजू कळत नाही म्हणून नव्हे. स्टिअरिंगवर बसलेल्या माणसाला सायकलवाला कसा दिसतो, ते मला ठाऊक आहे म्हणून. त्या शनिवारच्या मोटारवाल्याने ब्रेक मारला. त्याने तुला मोजलं. तो कोण, कुठला, माहीत नाही, पण त्याच्या नावाने आईने काल देवापुढे जास्तीचा दिवा लावला. नाव माहीत नसल्याने "बेकरीवाला मोटारवाला" असं म्हणून.

साडेदहा वाजले. तिथे सात, अजून लख्ख उजेड असेल.

रविवारची इथली तयारी सांगतो. तिथल्या साडेसहाला तोफ वाजते म्हणजे इथले दहा. आत्या आणि शेजारचे काका येणार आहेत. बारक्याने टीव्हीला मोबाईल जोडायची वायर आणलीय, नकाशावरचा तुझा ठिपका मोठा दिसावा म्हणून. तू चौदा तास धरलेत, म्हणजे पहिल्या तुकडीत सुटलीस तरी इथे रात्रीचे बारा होतील, एकादशी संपून द्वादशी लागेल. तेव्हाच सोडतो उपवास. ठिपका मध्येच थांबला तर घाबरायचं नाही, नेटवर्कचा घोळ असतो, असं त्याने आम्हाला आत्तापासून पढवून ठेवलंय. आईने मान हलवली. मीही हलवली.

आणि एक. आत्ताच तो सांगून गेला की शर्यतीतसुद्धा उजव्या कडेने चालायचं आणि पुढच्याला डावीकडून ओलांडायचं. आपल्याकडे सगळं उलट. गोव्याला तू उजवीकडूनच ओलांडत होतीस. दीडशे किलोमीटरनंतर, दुसऱ्या फेरीत, अंग सवयीला विचारायला लागलं की तुझा हात कुठे वळेल? वर "रविवारची काळजी नाही" असं लिहिलंय ते आता तसंच राहू दे, शाई वाळली.

उद्या फोन केलास तर मी रस्त्याचं एक अक्षर काढणार नाही. आईकडे देतो फोन. तू मात्र करच.

तब्येतीला जप. भरपूर झोप. सगळ्यांचे आशीर्वाद आहेत.

तुझे,
आण्णा

ता. क. सायकल बॉक्समध्ये भरताना पेडल काढलीस, तेव्हा मी हॉलमध्ये पाना धरून उभा होतो आणि डाव्या पेडलचे आटे उलटे असतात हे तुला तिसऱ्यांदा सांगत होतो, आठवतं? तेव्हा पेडलच्या पिशवीत मी एक लाल टेपची गुंडाळी टाकली होती. आमच्या वर्कशॉपची जुनी, चिकटायला चांगली. तू म्हणशील सामानाचं वजन वाढवलं, म्हणून बोललो नव्हतो. तळाशी असेल, फडक्यात. उजव्या मुठीला दोन वेढे पुरतात.